जुन्या गेमिंग पीसीत आधी काय बदलले, आणि का

२०१८ च्या दिवाळीत बोनस हाती पडल्यावर मी डोंबिवलीतल्या एका दुकानातून गेमिंगसाठी पीसी असेंबल करून घेतला होता. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० चे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, विंडोजसाठी १२० जीबीची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान ड्राइव्ह), गेम ठेवायला १ टीबीची हार्ड डिस्क आणि ६० हर्ट्‌झचा फुल एचडी मॉनिटर, असा तो संच होता. त्या वेळी तो मला फार ऐटदार वाटला, आणि पुढची चार वर्षे त्याने तक्रारीला जागाही दिली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात मात्र दोन गोष्टी एकदम घडल्या. ‘सायबरपंक २०७७’ या गेमच्या २.० आवृत्तीने किमान गरजांच्या यादीतून हार्ड डिस्क वगळली आणि एसएसडी आवश्यक केली. त्याच महिन्यात आलेल्या ‘स्टारफील्ड’नेही तीच अट घातली होती. माझ्याकडे सायबरपंक चालत होता, पण त्यातल्या बाजाराच्या गर्दीत शिरलो की पडदा क्षणभर थिजायचा आणि मग दोन पावले पुढे उडी मारायचा.

काय बदलायचे, याबद्दल घरात एकमत होते. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने पीसीकडे न पाहताच निकाल दिला, “मामा, तू आधी ग्राफिक्स कार्ड बदल. बाकी सगळं नंतर.” मलाही तेच वाटत होते. एकूण खर्च ४०,००० रुपयांच्या आत ठेवायचा ठरवला होता आणि त्यातले निम्म्याहून अधिक पैसे कार्डावरच जाणार, हे उघड होते. इतके पैसे एकदा गेल्यावर चूक सुधारायला काही उरणार नाही, केवळ या भीतीपोटी मी खरेदी पंधरा दिवस लांबणीवर टाकली आणि तेवढ्या काळात मोजमाप करायचे ठरवले.

मोजमापासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्ड किती टक्के गुंतले आहे, प्रोसेसरचा प्रत्येक धागा, म्हणजे एका वेळी चालणारी कामाची साखळी, किती राबतो आहे, रॅम किती भरली आहे, तापमान किती आहे आणि प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक चित्र, काढायला किती मिलिसेकंद लागले, हे सगळे दाखवते. मी गेममधल्या दोन जागा निवडल्या, एक गजबजलेला बाजार आणि दुसरी शहराबाहेरची ओसाड वाट, आणि रोज रात्री त्याच रस्त्याने तेवढेच अंतर चालत जाऊन आकडे वहीत उतरवू लागलो. बाजारात सेकंदाला सरासरी ४१ फ्रेम मिळत होत्या, पण सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा, ज्याला सगळे वन पर्सेंट लो म्हणतात, तो अवघा १७ होता. सरासरीवर नजर ठेवली असती तर मला काहीच कळले नसते, कारण जो धक्का डोळ्यांना जाणवतो तो या दुसऱ्या आकड्यात असतो.

त्यानंतर मी गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणले. या चाचणीमागचा विचार साधा आहे. रिझोल्यूशन उतरवले की पडद्यावरचे ठिपके निम्म्याहूनही कमी होतात, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचे काम हलके होते. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते, कारण गर्दीतली माणसे, गाड्या आणि त्यांच्या हालचाली तेवढ्याच असतात. ओसाड वाटेवर फ्रेम ४३ वरून थेट ७८ वर गेल्या, म्हणजे तिथे खरोखरच कार्ड अपुरे पडत होते. बाजारात मात्र त्या ४१ वरून जेमतेम ५२ वर पोहोचल्या. याचा अर्थ असा, की मी जगातले सर्वांत महागडे कार्ड आणून बसवले असते, तरी बाजारातला माझा पीसी ५२ च्या पुढे हलला नसता. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग प्रोसेसर बदल.” तेही खरे नव्हते, पण ते कळायला आणखी काही दिवस गेले.

आकड्यांमध्ये प्रोसेसरचे तापमान ९१ अंश दिसत होते. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, त्यामुळे तो स्वतःचा वेग आवरून चालत असणार, हे निराळे सांगायला नको. कॅबिनेट पाच वर्षे टेबलाखाली जमिनीवर होते आणि आमची खिडकी रस्त्याकडे उघडते. बाजूची पट्टी काढली तेव्हा कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला दिसला. तो ब्रशने आणि ब्लोअरने काढला आणि प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्टही बदलू या म्हणून कूलरचे चार स्क्रू सोडवून कूलर सरळ वर ओढला. कट्‌ असा आवाज झाला आणि कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या बैठकीतून, उपटून हातात आला. सॉकेटची कडी बंदच होती. पेस्ट सुकून सिमेंटासारखी घट्ट झाली होती आणि एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली पिना असतात, त्या कडी बंद असतानाही ओढल्या की निघून येतात. अशा तेराशेहून अधिक पिनांपैकी कोपऱ्यातल्या तीन वाकल्या होत्या.

त्या रात्रीची आठवण अजून अंगावर येते. शिसे काढून टाकलेल्या ०.५ मिलिमीटरच्या पेन्सिलचे टोक मी एकेका पिनेवर चढवले आणि केसाएवढे केसाएवढे सरळ करत गेलो. दर वेळी प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला धरून, मागे दिवा ठेवून, रांगेतल्या इतर पिनांशी ती जुळते का ते पाहिले. तासाभराने प्रोसेसर स्वतःच्या वजनाने सॉकेटमध्ये उतरला. ढकलावा लागला असता तर मी ढकलला नसता. पुढे समजले, की कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटे राबवून गरम करायचा असतो, म्हणजे पेस्ट मऊ होते, आणि मग कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवायचा असतो. पाचशे रुपयांच्या पेस्टने तापमान ७४ वर आले. फ्रेम दोन-तीनच वाढल्या, पण पंख्याचा घरघराट बंद झाला, हे घरातल्या इतर माणसांना अधिक आवडले.

आता रॅम. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानावर मी पाच वर्षांत पहिल्यांदाच नीट नजर टाकली. गेम चालू असताना ८ जीबींपैकी ७.६ जीबी भरलेली होती, आणि ‘स्पीड’ या शब्दापुढे २१३३ लिहिलेले होते. माझ्या पट्टीच्या स्टिकरवर ३००० छापलेले आहे. रॅम सुरुवातीला नेहमी सुरक्षित मानलेल्या ठरावीक वेगाने चालते. स्टिकरवरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते, आणि दुकानदाराने ती केलेली नव्हती, मीही कधी पाहिले नव्हते. रायझनच्या या पिढ्यांमध्ये प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या दुव्याचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे हे नुकसान दुहेरी होते. त्यात पट्टी एकच. मदरबोर्डवर रॅमच्या दोन वाटा असताना एक रिकामी पडून होती. २१३३ वर चालणारी एक पट्टी सेकंदाला साधारण १७ जीबी माहिती पुरवू शकते. २९३३ वर चालणाऱ्या दोन पट्ट्या ४७ जीबीच्या आसपास पुरवतात. प्रोसेसर कमी पडत होता असे जे मला वाटले होते, त्याचा मोठा भाग हा होता, की तो उपाशी बसवलेला होता.

आणखी एक चूक निव्वळ माझी होती. १२० जीबीची एसएसडी भरत आली म्हणून मी काही वर्षांपूर्वी विंडोजची पेजफाइल हार्ड डिस्कवर हलवली होती. रॅम भरली की विंडोज तिच्यातली कमी वापराची पाने पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते, आणि ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एका फ्रेमच्या वाट्याला १६.६ मिलिसेकंद येतात. डिस्कच्या दोन फेऱ्या वाट पाहण्यात गेल्या, की एक फ्रेम बुडाली. बाजारात पडदा थिजायचा तो इथे.

त्याच कंपनीची, तेवढ्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी १,७०० रुपयांना मिळाली. प्रोसेसरकडून मोजत जुनी पट्टी दुसऱ्या व नवी चौथ्या खाचेत बसवली आणि एक्सएमपी चालू केले, तर पीसी सुरूच होईना. स्टिकर सारखे असले तरी आतल्या चिपा पाच वर्षांत बदललेल्या असतात. वेग हाताने २९३३ वर आणला तेव्हा तो उठला. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची चाचणी रात्रभर लावून ठेवली आणि सकाळी एकही चूक निघाली नाही, तेव्हा समाधान झाले. त्याच बाजारात आता सरासरी ४५ होती, म्हणजे नजरेत भरण्यासारखी नाही. पण वन पर्सेंट लो १७ वरून ३१ वर गेला होता आणि ७२० रिझोल्यूशनची कमाल मर्यादा ५२ वरून ६३ झाली होती. आजवर कुठल्याही दोन हजार रुपयांनी मला इतके दिले नव्हते.

एसएसडीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. १ टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे थेट मदरबोर्डवरच्या एम.२ खाचेत बसणारी आणखी वेगवान एसएसडी, ४,५०० रुपयांना आली, विंडोज आणि गेम तिच्यावर गेले, पेजफाइलही आपल्या घरी परतली. अशा ड्राइव्ह आणि ग्राफिक्स कार्डे ज्या पीसीआयई वाटेने जोडली जातात, ती माझ्या मदरबोर्डवर ३.० पिढीची असल्यामुळे ४.० ची महाग ड्राइव्ह घेण्यात अर्थ नव्हता. ड्राइव्ह बसवल्यावर हार्ड डिस्क एकाएकी दिसेनाशी झाली आणि माझ्या पोटात गोळा आला, पण मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेले निघाले, की एम.२ ची खाच वापरली की दोन साटा पोर्ट बंद होतात. केबल दुसऱ्या पोर्टला लावली आणि डिस्क परत आली.

कार्डाची पाळी २०२४ च्या फेब्रुवारीत आली. एके दिवशी लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची धिमी गाडी पकडून ग्रँट रोड, असे करत संगणकाच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. डोक्यात तीन कार्डे होती. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी होती आणि ते पीसीआयईच्या सोळाही लेन, म्हणजे माहितीच्या मार्गिका, वापरते. त्यांचेच आरटीएक्स ४०६० नवे आणि ११५ वॉटमध्ये भागणारे होते, पण माझ्या बजेटच्या बरेच बाहेर होते. एएमडीचे आरएक्स ६६०० तिघांत स्वस्त होते. ४०६० आणि ६६०० ही दोन्ही कार्डे आठच लेन वापरतात, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डवर त्यांचा थोडा तोटा होतो, आणि कार्डाची मेमरी भरून वाहू लागली तर तो वाढतो. तरीही मी ६६०० कडे झुकलो, कारण डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्ड यांना जोडणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या गेममध्ये एनव्हिडियाचे ड्रायव्हर प्रोसेसरवर अधिक भार टाकतात आणि माझा प्रोसेसर आधीच काठावर होता. सेकंडहँड आरटीएक्स ३०७० चाही मोह झाला होता. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे ग्राफिक्स कार्डे राबवून चलन मिळवण्याची, पद्धत सोडली, तेव्हापासून अशी दिवसरात्र राबलेली कार्डे बाजारात बरीच आली होती. मी पाहायला गेलो त्या कार्डाला बिलही नव्हते आणि विकणारा ते पीसीत लावून दाखवायलाही तयार नव्हता, म्हणून हात जोडून परतलो.

दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारला, “एसएमपीएस कितीचा आहे?” पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल तो विचारत होता. मी साडेचारशे वॉटचा म्हणालो. “मग चालून जाईल साहेब, काही टेन्शन नाही,” असे म्हणून तो खोका काढायला वळला. मी मात्र घरून एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो काढून आणला होता. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट लिहिलेले होते, पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत २० अँपिअर होते. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवरच जगतात, आणि बारा गुणिले वीस म्हणजे २४० वॉट. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, माझ्या प्रोसेसरला भरात असताना ८८ पर्यंत; त्यांची बेरीजच २२० होते, त्यात पंखे, डिस्क आणि कार्डाचे क्षणिक झटके धरले तर हिशेब संपतो. फोटो दाखवल्यावर दुकानदार क्षणभर गप्प राहिला आणि प्रांजळपणे म्हणाला, “हे मी पाहिलंच नसतं.” मी त्या दिवशी कार्ड न घेता ४,००० रुपयांचा, वीज कमी वाया घालवण्याबद्दलच्या ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॉटचा एसएमपीएस घेऊन घरी आलो. त्याने एकही फ्रेम वाढली नाही, आणि भाच्याने त्याबद्दल मला भरपूर चिडवले. पण पुढे कधी संपूर्ण पीसी बदलला तरी हा भाग त्यात जाईल, एवढे मी त्याला सांगून ठेवले.

कार्ड पुढच्या पगाराला, २१,००० रुपयांना घेतले. ग्राफिक्सची पातळी मध्यमवरून उच्चवर नेऊनही ओसाड वाटेवर फ्रेम साठीच्या वर राहू लागल्या. बाजारात सरासरी ६० आणि वन पर्सेंट लो ४४. रॅमच्या वेळी वहीत लिहिलेली ६३ ची मर्यादा इथे डोळ्यांसमोर उभी राहिली. कार्ड आता ८० टक्केच गुंतत होते आणि उरलेला वेळ प्रोसेसरची वाट पाहत होते.

इथे मी तीन महिने थांबलो. माझा मॉनिटर ६० हर्ट्‌झचाच असल्यामुळे साठच्या वरच्या फ्रेम मला दिसणारच नव्हत्या, मग प्रोसेसर कशाला, असा एक पक्ष होता. पण साठच्या खाली होणारी प्रत्येक घसरण दिसत होती, असा दुसरा. भाचा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळतो, त्याने १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरची बाजू लावून धरली. मी कथा असलेले गेम सावकाश खेळतो, म्हणून मॉनिटर मागे ठेवला. एएम४ नंतरच्या नव्या एएम५ सॉकेटची जुळणी करायची तर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम एकदम घ्यावी लागते आणि नुकतीच घेतलेली पट्टी वाया जाते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, हीदेखील घाईची सबब नव्हती, कारण माझा रायझन ५ २६०० विंडोज ११ ला चालतो. फक्त बायोसमध्ये एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्या जपणारी सोय, चालू करावे लागते. २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० मात्र माझ्याच सॉकेटमध्ये बसत होता, तोही ११,००० रुपयांत.

त्यासाठी आधी बायोस अपडेट करणे भाग होते, आणि ते मी जुलैत करायला बसलो. आमच्या भागात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्डच कामातून जाऊ शकतो. वरच्या मजल्यावरच्या काकांकडून त्यांचा यूपीएस दोन तासांसाठी मागून आणला. काम पाच मिनिटांत झाले, वीज गेली नाही आणि काका चहाला थांबले. प्रोसेसर या वेळी गरम करून, कूलर फिरवून, कडी उघडूनच काढला. नवा बसवल्यावर पहिल्याच पडद्यावर एफटीपीएम पुसायचे का, असा प्रश्न आला. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचे माहिती कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय त्याला हो म्हणू नये. माझ्याकडे तो बंद होता, म्हणून वाय दाबले.

बाजारात गेलो. सरासरी ६४, वन पर्सेंट लो ४७. अकरा हजारांत एवढेच? वही उघडून मी जुने आकडे पुन्हा पुन्हा पाहिले, तापमान पाहिले, ड्रायव्हर पाहिले. मग अचानक टास्क मॅनेजर आठवला. मेमरीच्या पानावर ‘स्पीड’पुढे २१३३ लिहिलेले होते. बायोस अपडेट झाल्यावर सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या होत्या. परत जाऊन एक्सएमपी चालू केले, आणि नव्या प्रोसेसरवर त्याच दोन विजोड पट्ट्या पहिल्याच फटक्यात ३००० वर चालल्या. बाजारात सरासरी ७१ झाली, वन पर्सेंट लो ५८.

पेस्ट धरून एकूण ४२,७०० रुपये झाले. जुना २६०० ताईच्या घरी, भाच्याच्या अभ्यासाच्या पीसीत गेला. त्याच्या वाकलेल्या तीन पिनांची खूण अजून दिसते. तो बसवताना मी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो, आणि त्याने कडी खाली दाबण्याआधी एकदा वळून माझ्याकडे पाहिले.